शालान्त परीक्षेतील ‘गुण’ आणि आपली मुले

मराठीत ‘गुण’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. माणसाच्या अंगची कर्तबगारी म्हणजे गुण, आणि उत्तरपत्रिकेवर तांबड्या शाईने लिहिलेला आकडा म्हणजेही गुण. हे दोन अर्थ आपल्या समाजाने इतके एकजीव करून टाकले आहेत, की दहावीचा निकाल लागला की आकड्यावरूनच मुलाची पारख होते. सत्तर-ऐंशी टक्के पडले तर मूल हुशार. नापास झाले तर ‘त्याच्या डोक्यातच नाही.’ सवर्ण समाजाने आपल्या मुलांविषयी असे म्हणावे यात नवल नाही. पण येवले तालुक्यातील माध्यमिक शाळांतून शिकवीत असताना मी हेच वाक्य आपल्या वस्त्यांमधूनही ऐकले आहे, आणि ते म्हणणारे बहुधा मुलाचे आईबापच असतात. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना ‘तुमच्यात बुद्धी नाही’ असे सांगितले गेले, त्यांनीच ते वाक्य पोटच्या पोराच्या बाबतीत खरे मानावे, ही गोष्ट मला साधी वाटत नाही. म्हणून परीक्षेतील गुण कशाने ठरतात, हा प्रश्न शिक्षणशास्त्राच्या पदवीसाठी राखून न ठेवता कार्यकर्त्यांनीही हाताळावा असे मला वाटते.

आकड्यांचीच गोष्ट आधी घेऊ. मार्च २०१८ च्या शालान्त परीक्षेचा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. मार्च २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर आला. मार्च २०२० च्या परीक्षेत तो एकदम ९५.३० टक्क्यांवर गेला, आणि २०२१ साली करोनामुळे लेखी परीक्षाच झाली नाही तेव्हा ९९.९५ टक्के मुले उत्तीर्ण ठरली. एका वर्षात महाराष्ट्रातील मुलांची बुद्धी बारा टक्क्यांनी घटली आणि पुढच्या वर्षी अठरा टक्क्यांनी वाढली, असे कोणी म्हणेल काय? झाले होते ते इतकेच, की २०१९ साली भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे शाळेच्या हातातले अंतर्गत गुण मंडळाने काढून टाकले आणि पुढच्या वर्षी परत दिले. (२०२० साली टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपरही रद्द झाला होता.) मोजण्याची रीत बदलली, की मोजलेली वस्तू बदलते. मुले तीच होती.

आता दुसरा आकडा सांगतो. तो आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल, पण त्याचा अर्थ आपण लावलेला नाही. एल्फिन्स्टन हायस्कुलातून बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. म्हणजे ३७.६ टक्के. त्या काळचे पेपर आणि तपासनीस वेगळे होते, त्यामुळे तो आकडा आजच्या आकड्याशेजारी मांडणे सर्वस्वी न्याय्य नाही. तरी जगातल्या मोठ्या विद्यापीठांनी ज्यांची विद्वत्ता मानली, त्यांच्या शालेय गुणपत्रिकेवर ‘ढ’ असाच शेरा कोणी मारला असता. त्या २८२ गुणांच्या पाठीमागे काय होते? परळच्या चाळीतील एक खोली आणि तीत सगळे बिऱ्हाड. अभ्यासाला निवांतपणा मिळावा म्हणून रामजीबाबा पोराला लवकर निजवीत आणि रात्री दोनच्या सुमारास उठवून बसवीत. संस्कृत शिकायची ओढ होती. ते नाकारले गेले म्हणून फारशी घ्यावी लागली. फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले, तर फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून पोरे धावली. या सगळ्याची वजाबाकी होऊन जे उरले ते २८२. ती गुणपत्रिका एकट्या विद्यार्थ्याची नव्हतीच. खोलीचे, चाळीचे, संस्कृत नाकारणाऱ्या शाळेचे आणि रात्री दोनला उठणाऱ्या बापाचेही गुण तीत बेरीज-वजाबाकी होऊन आले होते.

येवल्यातील आपल्या मुलांची गुणपत्रिका याच रीतीने वाचायला हवी.

सर्वांत मोठा घटक आहे वेळ. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत ‘आर्थिक परिस्थिती’ असा शब्द असतो. त्या शब्दाने गरिबीचे चित्र उभे राहते, पण गरिबी मुलाचे गुण नेमके कोणत्या वाटेने खाते, ते कळत नाही. आमच्या तालुक्यात ते कांद्याच्या वाफ्यात कळते. उन्हाळी कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीत होते. रोप उपटून वाफ्यात एकेक काडी बोटाने टोचायची, हे काम यंत्राने होत नाही. बाया आणि पोरे लागतात. काम बहुधा एकरावर उक्ते घेतलेले असते, म्हणजे जितके हात अधिक तितके लवकर आटपते आणि तितके पैसे अधिक. भूमिहीन घरातली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी ही त्या दिवसांत घराची अर्धी मजुरी असते. आणि हेच दिवस शाळेत दहावीच्या सराव परीक्षांचे असतात. मार्चपासून काढणी आणि पात कापणे सुरू होते. तेव्हा बोर्डाचे पेपर चालू असतात. त्याआधी दिवाळीच्या मागेपुढे मका खुडणे असते. हजेरीपट उघडून पाहावा. गैरहजेरीचे फुले शेतीच्या वेळापत्रकाप्रमाणे उमटलेली दिसतात. शाळेचे वर्ष मात्र त्या वेळापत्रकाकडे पाहून आखलेले नाही. ज्याच्या घरी जमीन आहे तो कांद्याच्या भावाची चिंता करतो. त्याचा मुलगा शाळेत असतो. वाफ्यात वाकलेली मुलगी दुसऱ्याच्या कांद्यासाठी स्वतःची बीजगणिताची सूत्रे सोडून आलेली असते.

तालुक्याच्या ईशान्येकडील, राजापूर-ममदापूरकडच्या अवर्षणी भागात वेळ पाणीही खाते. उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा हंड्यांच्या रांगेत उभे कोणी राहायचे, हे घरात न बोलता ठरलेले असते. ते काम मुलीचे. मुलींना एस. टी. चा पास मोफत आहे ही चांगली गोष्ट आहे. पण शाळा सुटल्यावरची गाडी चुकली तर पुढची कधी, हा प्रश्न पासाने सुटत नाही, आणि दोनदा अंधार पडून घरी आलेल्या मुलीची शाळा तिसऱ्यांदा बाप बंद करतो. मग स्थळ बघणे सुरू होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. म्हणजे पाचांत एकीहून अधिक. पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्यातली ही गोष्ट आहे, आणि तीत आपल्याही लेकी आहेत.

खुद्द येवले गावात तिसरी गोष्ट दिसते. पैठणीचा माग. पूर्वी हे काम खत्री, साळी, कोष्टी यांच्या घरी चाले. आज इतर समाजांतली, आपल्यातलीही पोरे मागावर बसतात. कांड्या भरण्यापासून सुरुवात होते आणि दहावीच्या आसपास पोरगा विणू लागतो. पदरावरचा मोर किंवा मुनिया उठवायची तर धागे मोजावे लागतात. कुठला रंग किती धाग्यांवर थांबला हे डोक्यात धरावे लागते. एक धागा चुकला तर नक्षी मोडते. असे काम दिवसभर बिनचूक करणारा मुलगा गणितात नापास होतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. हे कोडे फक्त येवल्याचे नाही. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा एक अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. भाजी विकताना तोंडी बिकट हिशेब करणाऱ्या त्या मुलांना तसलाच, किंबहुना त्याहून सोपा हिशेब पुस्तकी रीतीने कागदावर दिला तर जमेना. उलट, शाळेत नियमित शिकणारी आणि बाजारात काम न करणारी मुले बाजारातला हिशेब करताना अडली. तेव्हा डोक्यात नाही असे नाही. डोक्यात आहे ते उत्तरपत्रिकेवर कोणत्या रस्त्याने आणायचे, हे कोणी शिकवलेले नाही. शाळेने पोराला कधी विचारलेच नाही की तू मागावर काय मोजतोस.

मोजण्याचे जे, तेच भाषेचे. आमची पोरे ‘पानी’ म्हणतात, ‘व्हता’ म्हणतात. पाचवीपासून त्या शब्दांभोवती तांबडे वर्तुळ पडत आलेले असते. वर्षानुवर्षे ज्याची आईची बोली चुकीची ठरत आली, तो मुलगा नववीपर्यंत एक शहाणपणा शिकतो: गप्प बसावे. निबंधात चार ओळी लिहून थांबावे, म्हणजे चुका कमी होतात. मग शिक्षक म्हणतात, अभिव्यक्ती नाही. विज्ञानात तर भाषा आणखी दूर जाते. जमीन वाफशावर आली की नाही, हे मूठभर माती दाबून सांगणारे पोर ‘मृदेतील आर्द्रतेचे महत्त्व स्पष्ट करा’ या प्रश्नापुढे बसून राहते. प्रमाण मराठी शिकवू नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. ती आलीच पाहिजे. तिच्याशिवाय न्यायालय, कचेरी, वर्तमानपत्र आपल्याला बंद आहे. परंतु ती घरात आपोआप मिळालेल्या मुलाला जे गुण पडतात त्यांत भाषेचे वंशपरंपरागत वतन किती आणि विषयाचे ज्ञान किती, हे तपासनीसाने कधी वेगळे काढले आहे काय? ज्यांना वतने बुडाली असे वाटते त्यांनी हे एक वतन पाहावे.

येथवर घराविषयी आणि शाळेच्या रीतीविषयी लिहिले. आता वर्गातल्या जातीविषयी. आज कोणी डबे उचलत नाही. पण शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे असले की भरवर्गात ‘एस. सी. ची मुले उभी राहा’ असे म्हटले जाते, आणि सारा वर्ग वळून पाहतो. त्याने काय बिघडते, असे विचारणाऱ्यांसाठी एक प्रयोग सांगतो. उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या ३२१ उच्चवर्णीय आणि ३२१ खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांना कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अभ्यासकांनी कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. अहवाल २००४ साली निघाला. मुलांची जात उघड केली नाही तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत म्हणण्याजोगा फरक नव्हता. सोडवण्यापूर्वी प्रत्येकाची जात मोठ्याने पुकारली, तेव्हा खालच्या जातींची मुले ठळकपणे मागे पडली. पोरे तीच, कोडी त्याच जातीची. मध्ये फक्त एक पुकारा आला. आपले शाळाप्रमुख हा पुकारा दरवर्षी शासनाच्या कल्याणकारी योजनेच्या नावाने करतात. यादी कार्यालयात करता येते, अर्ज एकेकाला बोलावून देता येतो; त्याला पैसा लागत नाही.

दुसरा अभ्यास आपल्याला अधिक बोचेल. रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनी भारतात केलेला हा प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. शिक्षकांना तपासायला दिलेल्या उत्तरपत्रिकांच्या मुखपृष्ठावर मुलांची जात चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कशीही नेमून दिली होती. खालची जात लिहिलेल्या उत्तरपत्रिकांना किंचित कमी गुण पडले. फरक लहान होता, पण होता. आणि तो कोणी केला? उच्चवर्णीय शिक्षकांनी नव्हे; खालच्या जातींतून आलेल्या शिक्षकांनी. हा निष्कर्ष एका प्रयोगाचा आहे, त्यावरून आपल्या सगळ्या शिक्षकबंधूंना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे चूक होईल, आणि सवर्ण शिक्षक निर्मळ आहेत असे प्रमाणपत्रही त्यातून निघत नाही. तथापि शिक्षकांच्या खोलीत ‘आपल्याच पोरांना काही येत नाही’ हे वाक्य आपल्यापैकीच एखादा सर्वांत मोठ्याने म्हणतो, हे मी ऐकले आहे. तो स्वतः मोठ्या कष्टाने वर आलेला असतो. त्या पोरांपासून आपण वेगळे आहोत, हे त्याला दररोज सिद्ध करावे लागते. व्यवस्थेने त्याच्या हातात पेन दिले, पण मोजमाप आपलेच ठेवले.

घर महत्त्वाचे की शाळा, हा वाद जुना आहे. अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन यांचा प्रसिद्ध अहवाल निघाला. सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांच्या पाहणीवरून त्यांनी दाखवले, की शाळेच्या इमारती आणि साधनांपेक्षा मुलाच्या घरची पार्श्वभूमी गुणांवर अधिक परिणाम करते. या निष्कर्षाचा आधार घेऊन हात झटकणारे तिकडेही निघाले आणि इकडेही आहेत: घरच तसे, शाळा काय करणार! परंतु त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे आपले लक्ष जायला हवे. आपल्या आयुष्याची सूत्रे काही अंशी तरी आपल्या हातात आहेत असे ज्या निग्रो मुलांना, म्हणजे आज ज्यांना आपण काळे म्हणतो त्यांना, वाटत होते, त्यांची प्रगती अधिक होती. आणि या भावनेचा गुणांशी असलेला संबंध शाळेच्या सगळ्या साधनांहून बलवत्तर होता.

हे वाचले तेव्हा मला येवल्याचाच विचार आला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येथील परिषदेत बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. आपण त्या घोषणेकडे धर्मांतराची नांदी म्हणून पाहतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच परिषदेने १९३० पासून चाललेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह थांबवण्याचा ठराव केला. दार न उघडणाऱ्यांच्या उंबऱ्यावर शक्ती खर्चण्याऐवजी स्वतंत्र समाज म्हणून उभे राहावे, असा त्याचा आशय. जन्म हातात नव्हता, पुढचे हातात आहे, असे सांगणारे ते वाक्य होते. त्यानंतरच्या पिढीने अर्धपोटी राहून ज्या पदव्या मिळवल्या, त्यांच्या कारणांत हे वाक्य मोजले पाहिजे. आज मुक्तिभूमीवर तेरा ऑक्टोबरला माणसे लोटतात. त्या गर्दीत नववी-दहावीची पोरेही असतात. त्यांना ती घोषणा पाठ आहे. आपली गुणपत्रिका आपल्या हातात आहे, असे मात्र त्यांना वाटत नाही, आणि त्याला कारण आहे.

कारण असे, की आधार द्यायचा तो गुण पाहून द्यायचा, असा क्रम आपल्याकडे रूढ झाला आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहे काढली, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उघडले. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह चालू केले. कर्मवीर भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली. या सर्वांना कोलमनच्या अहवालाची वाट पाहावी लागली नाही. गुण घरात अडतात, तर मुलाला चार वर्षे दुसरे घर द्यावे, हे त्यांनी ओळखले होते. केळूस्करगुरुजींनी बागेत वाचत बसलेल्या मुलाला हेरले ते त्याची टक्केवारी विचारून नव्हे. पुढे त्यांनीच त्याला बडोद्याच्या महाराजांपुढे नेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले आणि दरमहा २५ रुपये बांधून दिले.

आज काय स्थिती आहे? शिक्षणहक्क कायदा २०१० पासून लागू आहे. तो सहा ते चौदा वयापुरता. सक्ती आठवीपर्यंत, मोफत पाठ्यपुस्तके आठवीपर्यंत, दुपारचे जेवण आठवीपर्यंत. मूल नववीत पाय ठेवते त्याच जूनमध्ये या तिन्ही गोष्टी एकदम सुटतात, आणि त्याच वयात त्याची मजुरी बाजारात चालू लागते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४४ साली सुरू झाली. नववी-दहावीच्या अनुसूचित जातींच्या सर्वसाधारण मुलांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती सुरू व्हायला २०१२ साल उजाडले. मध्ये अडुसष्ट वर्षे गेली. तेवढ्या काळात किती पोरे मॅट्रिकच्या अलीकडेच संपली, त्यांची नोंद कोणत्याही शिष्यवृत्तीच्या वहीत नाही. शासकीय वसतिगृहात जागा कमी, म्हणून प्रवेश गुणानुक्रमे. जागा न मिळालेल्यांसाठी बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे, पण ती दहावीनंतरची, आणि तिलाही किमान निम्मे गुण लागतात. ७५० पैकी २८२ गुणांचा विद्यार्थी त्या अर्जात बसत नाही.

आठवीपर्यंत ढकलत आलेल्या मुलाची तयारी कितपत असते, तेही सांगायला हवे. ‘असर’ची २०२३ ची पाहणी चौदा ते अठरा वयाच्या ग्रामीण मुलांची होती. त्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याला दुसरीच्या पातळीचा मजकूर मातृभाषेत सलग वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे निम्म्यांहून अधिक मुलांना जमले नाही. या मुलांना नववीत त्रिकोणमिती शिकवण्याचे ढोंग आम्ही शिक्षक करतो. भागाकार शिकवायला नववीच्या वेळापत्रकात तासिका नाही, आणि क्लासची फी भरायला घरात पैसा नाही. वस्तीतल्या विहारात संध्याकाळी दिवा असतो, सतरंजी असते, कोणी ना कोणी शिकलेले पोर रिकामे असते. जेथे अशी अभ्यासिका नेटाने चालली तेथे निकाल बदललेला मी पाहिला आहे. पण ती जयंतीच्या वर्गणीसारखी उत्साहावर चालत नाही, रोज कुलूप उघडणारा माणूस लागतो.

आणखी एक साधी गोष्ट कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावी. २०१५ पासून मंडळ नापास झालेल्यांची पुरवणी परीक्षा त्याच पावसाळ्यात घेते, म्हणजे वर्ष वाया जात नाही. निकाल लागल्यावर अर्ज भरण्याची मुदत थोड्या दिवसांची असते आणि अर्ज शाळेमार्फत भरावा लागतो. त्याच दिवसांत पेरणी सुरू झालेली असते. निकालाच्या दिवशी नापास झालेले पोर शाळेकडे फिरकत नाही, शाळा त्याच्या घरी जात नाही, आणि आईबापांना पुरवणी नावाची काही परीक्षा असते याचा पत्ताच नसतो. एक-दोन विषयांत राहिलेल्या मुलांची नावे शाळेच्या कार्यालयात त्याच दिवशी मिळतात. ती लिहून घ्यावीत आणि त्या संध्याकाळी, पोर कुठे कामाला लागण्यापूर्वी, त्याच्या घरी जावे.